मागच्या खोलीतली ऊब

सत्याऐंशी सालची कडाक्याची थंडी. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या त्या घरात डॉक्टर माधव आणि त्याची बायको सुप्रभा दोघंच राहायची, तरी विजेचं बिल भरल्या घराचं यायचं. शेवटी एका शनिवारी दुपारी माधवनं मेन स्विच बंद केला. सुप्रभा टॉर्च घेऊन जिन्याखालच्या कपाटात मीटरसमोर वाकली.

"अहो, चाक फिरतंच आहे!"

माधव वर बघायला गेला. मागची खोली रिकामीच असायची. तिथे हीटर सोडाच, साधा प्लगही नव्हता.

"सुप्रभा, इथे चांगलं उबदार आहे गं!"

ती कपाटातूनच ओरडली, "तुम्ही आधी खाली या बघू!"

डोक्यावरच्या पायऱ्या करकरल्या. एकेक पाऊल सावकाश उतरत कपाटाच्या दाराशी येऊन थांबलं. मीटरचं चाकही थांबलं.

तेवढ्यात वरून माधवची हाक आली, "सुप्रभा, इथली ऊब एकदम गेली गं!"