सात वेळा परत

‘परत पाठवले आहे.’

सातव्यांदा! वेल्डिंगच्या मॅडमनी माऊस असा आपटला, की शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कबाई दचकल्या.

“मेलं हे सॉफ्टवेअर! एवढं भिंतीशी बोलले असते तर भिंतीनंही हो म्हटलं असतं.”

पूर्वी कसं सोपं होतं. जुन्या अभ्यासक्रमावरचं साल बदलायचं, विभागप्रमुखांच्या नावापुढे ‘करिता’ लिहायचं आणि आपणच सही ठोकायची. मोठे सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण कॉलेजनं त्यांच्या जागी कोणाला नेमलंच नव्हतं. ‘करिता’वर सगळं निभावत होतं. सॉफ्टवेअरला मात्र ‘करिता’ कळत नव्हतं. त्याच्या लेखी विभागप्रमुख म्हणजे अजून मोठे सरच. प्रमुख बदला म्हणून अर्ज केला, तर त्या अर्जालाही प्रमुखांची मंजुरी हवी. घ्या आता!

आज पाच वाजता यादी बंद होणार होती. यादीत अभ्यासक्रम नाही, तर पुढच्या वर्षी वर्ग नाही. वर्ग नाही, तर मॅडमची नोकरी नाही. वर्गासाठी एकोणीस जण नावं देऊन बसले होते, ते वेगळंच. समितीतल्या पाचही जणांनी एका दिवसात मंजुरी दिली होती. राहिली होती ती फक्त प्रमुखांची. मदत केंद्राला फोन करावा, तर तिकडून गोड आवाजात एकच पालुपद, “मॅडम, सिस्टीम व्यवस्थित चालते आहे.” व्यवस्थित म्हणे! रिकाम्या खुर्चीवर धडकून अभ्यासक्रम आपोआप माघारी येतोय, याबद्दल मॅडमना शंकाच नव्हती.

साडेतीनला त्यांनी स्कूटर काढली आणि थेट मोठ्या सरांचं घर गाठलं.

“आत आहेत,” काकूंनी दार उघडलं. “हल्ली सारखं त्या टॅबमध्ये डोकं.”

सर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. टॅब उजव्या डोळ्याजवळ धरलेला. डावा डोळा काचेचा होता. मॅडम कॉलेजात येण्याच्या कितीतरी आधी, एका शिकाऊ विद्यार्थ्याच्या हातून ग्राइंडरची चकती सुटली होती. कॉलेजात सगळ्यांना ते माहीत होतं, पण कोणी विषय काढत नसे.

“सर, ते मशीन माझ्या डोक्यावर मिरे वाटतंय,” मॅडम उभ्याउभ्याच म्हणाल्या. “डोळे झाकून एक बटण दाबा, म्हणजे सुटले मी.”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. सरांनी मनावर घेतलं नाही.

“मशीननं काय केलंय? परत मी पाठवलंय.”

“सातही वेळा?”

“सातही वेळा. शेरे वाचलेस का?”

“कसले शेरे?”

सरांनी टॅब पुढे सरकवला. कोपऱ्यात एक बारीकशी पिवळी खूण होती. गेले तीन आठवडे ती मॅडमच्या डोळ्यांसमोर होती, पण उघडलीय कोणी! खाली ओळीनं सात शेरे. पहिला, ‘तिसरे पान कृपया तपासावे.’ तिसरा, ‘तिसरे पान!’ पाचवा, ‘मशीनला शिव्या देऊन झाल्या असतील तर तिसरे पान.’ आणि सातवा, ‘अगं बाई, वाच!’

मॅडमनी तिसरं पान वाचलं. सुरक्षेचा सराव, चार तास. म्हणजे चष्मा, हातमोजे, गॅसच्या नळ्या, सगळं चार तासांत उरकायचं आणि एकोणीस नवख्या माणसांच्या हातात पेटती ज्योत द्यायची.

“चाळीस हवेत,” त्यांचा आवाज खाली आला. “हे मी नाही लिहिलं, सर. सॉफ्टवेअरवाल्यांनी कुठल्यातरी जुन्यापान्या फायलीतून उचललंय.”

“आणि तू साल बदललंस.”

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आपल्या फोनवरच चार खोडून चाळीस केले, पाठवलं. पाचला वीस कमी. सर पहिल्या पानापासून वाचायला लागले.

“सर, पाच वाजतायत हो!”

“वाजू देत.”

पाचला सात मिनिटं असताना सरांनी बटण दाबलं. मॅडमच्या फोनवर ‘मंजूर’ उमटलं आणि त्या एकदाच्या खुर्चीत बसल्या. काकूंनी पाणी आणून दिलं.

“पण सर, हे चार तास आले कुठून? आपल्याकडे तर पहिल्यापासून चाळीसच आहेत ना?”

“पहिल्यापासून नाही.” सरांनी टॅब उपडा ठेवला. “मी प्रमुख झालो त्या वर्षी चारच होते. मीही अशीच सही ठोकली, डोळे झाकून. तेव्हा दोन्ही होते.”