सी नंबरवाल्यांच्या तक्रारी

सुखदानं चाचणी म्हणून कंत्राटी कामगाराच्या नंबरावरून एक खोटी तक्रार पाठवली आणि ती कुठं जाते ते पाहत बसली. मोबाइलवर लगेच उत्तर आलं, तुमची तक्रार नोंदवली आहे, धन्यवाद. तक्रार मात्र सेफ्टी विभागाकडे गेलीच नाही.

गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या चाकणच्या या कारखान्यात ती आयटीला लागून दोन महिने झाले होते. प्रेसच्या शेडमध्ये ती अजून एकदाही गेली नव्हती. तिचा सगळा कारखाना स्क्रीनवर. कामगारांच्या अ‍ॅपवरून रजा, पगारपत्रक, तक्रार, जे काही येई ते आधी एपीआय गेटवेवर येई, आणि तिथं लिहिलेले नियम ते त्या त्या विभागाकडे धाडत. कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन ट्रकवाल्याला कुठल्या शेडकडे वळायचं ते सांगतो, तसंच हे. जुने नियम नव्या सर्व्हरवर नेताना तिला पाचवा नियम दिसला होता. कायम कामगारांची तक्रार सेफ्टीकडे. कंत्राटी कामगारांचे नंबर 'सी'नं सुरू होत. त्यांची तक्रार मात्र कोपऱ्यातल्या एका बिननावाच्या फोल्डरमध्ये.

तिनं फोल्डर उघडला. आत तीनशे बारा तक्रारी होत्या. बायकांच्या संडासाला आतून कडी नाही. प्यायच्या पाण्याला ऑइलचा वास येतो. आणि सी-४१७, ज्योतीराम, यानं एकच गोष्ट तीनदा लिहिलेली: सात नंबरच्या प्रेसचा सेन्सर बंद हाय, हात आत राहिला तरी प्रेस खाली येती. प्रत्येक तक्रारीपुढे 'वाचली' अशी खूण होती. म्हणजे कुणीतरी हे सगळं रोजच्या रोज वाचत होतं आणि वर ढेकर देऊन गप्प बसत होतं.

नियम कुणी लिहिला तेही तिथंच होतं. अनंत. तिचा वरिष्ठ, तळेगावहून रोज स्कूटरनं येणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. आत्ताही तो शेजारीच बसून पुडीतल्या भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खात होता. कालपर्यंत तिला या सवयीचं हसू यायचं. आज त्या तेलकट बोटांकडे बघवेना.

"सर, पाचवा नियम तुमचा आहे?"

"हो." अनंतनं काचेपलीकडे पाहिलं. तिथं एचआरचे यशवंतराव फोनवर बोलत होते. त्यानं आवाज खाली आणला. "त्याला हात लावू नकोस. दुपारी बाहेर चहाला जाऊ, तेव्हा सांगतो."

चहावर भागवायचं तर. साहेबाची नजर चुकवून कुजबुजणाऱ्या या माणसाची तिला शिसारी आली. कुणाची बोटं प्रेसखाली जायची वेळ आली आहे आणि हा शेंगदाणे निवडतो आहे. असल्या माणसांच्या जिवावरच असल्या कंपन्या चालतात, असं तिच्या मनात आलं, आणि पुढं काही विचारायची तिला गरज वाटली नाही.

दहा वाजता अनंत मीटिंगला गेला. सुखदानं पाचवा नियम पुसला. सी नंबरवाल्यांची तक्रारही आता सरळ सेफ्टीकडे जाणार होती. मग साठलेल्या तीनशे बारा तक्रारी तिनं नावं आणि नंबरांसकट पुन्हा आत सोडल्या. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. घाणीत बुडालेले हात साबणानं धुतल्यागत तिला मोकळं वाटलं. दुपारच्या सुट्टीत ती दोन पोळ्या जास्त जेवली.

अनंत अडीच वाजता परत आला तेव्हा तिच्या स्क्रीनवर एक मेल उघडा होता. कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारानं दुसऱ्या शिफ्टपासून ज्यांची फाटकाची कार्डं बंद केली, त्या चाळीस जणांची यादी माहितीसाठी आयटीलाही आली होती. सगळे नंबर सीचे. एवढी तत्परता सुखदानं या कंपनीत कधी पाहिली नव्हती. ती यादी सकाळच्या तक्रारींशी ताडून पाहत होती आणि एकेक नंबर जुळत होता.

अनंतनं उभ्या उभ्याच यादी वाचली.

"सेफ्टीला गेलेली तक्रार यशवंतरावांकडे येते, आणि ते ती नावासकट ठेकेदाराला देतात," तो म्हणाला. "अ‍ॅप आलं त्या महिन्यात अकरा जण घरी गेले. म्हणून ती नावं मी तिथवर पोचूच देत नव्हतो."

सुखदानं विचारलं, मग काय, तक्रारी नुसत्या पडू द्यायच्या होत्या? अनंत तोवर दारापाशी पोचला होता. तो काचेपलीकडे यशवंतरावांसमोर जाऊन उभा राहिला. त्याचे जोडलेले हात तिला दिसले. ती उठली आणि फाटकाकडे पळाली.

फाटकावर डबे घेतलेली माणसं खोळंबली होती. कार्ड लावलं की लाल दिवा लागत होता, आणि ठेकेदाराचा माणूस एकेकाला बाजूला काढत होता. सुखदानं वॉचमनला ज्योतीराम कोण ते विचारलं. त्यानं दाखवलेला माणूस तिशीचा, उदगीरकडचा, मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. तिनं आधी त्याचे हात पाहिले. दहाही बोटं शाबूत होती.

तिचा चेहरा पाहून तोच तिला धीर देऊ लागला.

"मशीनचं कायतरी चुकलं आसंल, मॅडम. म्या आत्ताच टाकलंय अ‍ॅपवर. मागं सेन्सरचं टाकलं, तर अनंतसाहेब सवता उभं राहून नवा बशिवून गेले. संडासाची कडी, पाणी, समदं झालं. आपली एक बी तक्रार वाया जात न्हाई."