ओळंबा

बेलदारबाईंनी वडिलांचा पितळी ओळंबा वर्गाच्या भिंतीवर, उंचावरच्या खिळ्याला टांगला. वीस वर्षांपूर्वी त्या इथेच भूमिती शिकवायच्या. तेव्हा पोरांची वर्तुळं बटाट्यासारखी यायची. आता बाईंखेरीज सगळ्यांच्याच डोळ्यांत सारं सरळ दाखवणारी भिंगं होती.

"सर, भिंत आत कललीय. पोरांना बाहेर काढा."

मुख्याध्यापक देसले हसले. "बाई, भिंत झकास आहे. भिंगं बसवून घ्या आता. किती दिवस जुन्या डोळ्यांनी बघणार?"

"शर्वाणी, तुला काय दिसतं गं?" बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

"दोरी भिंतीला चिकटलीय, बाई."

"मग मध्ये बोट घाल बघू."

शर्वाणी बाकावर चढली. खिळ्यापाशी तिचं बोट कसंबसं शिरलं. खाली ओळंब्यापाशी अख्खी वीत मावली. ती दचकून म्हणाली, "सर, दिसत नाही, पण जागा आहे!"

सरांनीही हात घालून पाहिला. "पण परवाच इंजिनिअर तपासून गेले."

"त्यांच्या डोळ्यांत भिंगं होती ना?"

पाचच मिनिटांत सगळी शाळा मैदानात आली. सरांनी समोरच्या दवाखान्याकडे, त्यामागच्या नव्या पुलाकडे पाहिलं. सगळं अगदी सरळ दिसत होतं.