बालसंगोपनाचं प्रशिक्षण

"पहिल्या सहा वर्षांतला एक दिवस वाया गेला, तर मुलाला तो जन्मभर भरून काढता येत नाही," सिल्वासाच्या सभागृहात साहेब माईकवरून सांगत होते. तेवढ्यात मागच्या रांगेत अंगणवाडीताई कावेरीच्या मांडीवरल्या पप्पूने भोकाड पसरलं.

"ओ ताई, मूल बाहेर न्या. इथं बालसंगोपन चाललंय."

कावेरी पप्पूला घेऊन बाहेर आली. सकाळी प्रशिक्षणाला निघताना ती किलवणीच्या अंगणवाडीला कुलूप लावत असताना पप्पूच्या आईने, भिमाबाईने, पोराला तिच्या कडेवर दिलं होतं. "खाडा झाला तर ठेकेदार कंपनीच्या गेटातून आत घ्यायचा नाही, ताई."

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर भिमाबाई पोराला न्यायला आली.

"उद्या उघडणार ना, ताई?"

प्रशिक्षण पाच दिवसांचं होतं.