पायाकडून

निरोप आला तेव्हा सिद्रामचे पाय खड्ड्यात होते. खड्डामागावर विणणारा माणूस जमिनीवर बसतो, पण गुडघ्याखाली तो जमिनीत असतो. पायानं दाबायच्या पावड्या तिथं खाली असतात. दवाखान्याचा शिपाई यल्लाप्पा दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"सिद्राम, अंजनी गेली रं," तो म्हणाला. "पहाटं. ताप उतरलाच न्हाई."

सिद्रामनं आडव्या धाग्याचा धोटा एकदा टाकला, दुसऱ्या हातानं झेलला आणि मग थांबला. खड्ड्यातून उठायचं कसं, हे त्याला सुचेना.

सिद्रामची बायको अंजनी मराठी सातवी शिकलेली होती. मूल झालं नाही. गेल्या वर्षी तिनं बेळगावच्या दवाखान्यात सुइणींच्या वर्गात नाव घातलं. शहापुरातल्या विणकराची सून परक्यांची बाळंतपणं करणार म्हणून सासू नागुबाई महिनाभर बोलली नाही. मग बोलायला लागली ती थांबली नाही.

वर्गात माणसाचा सांगाडा होता. परीक्षेत बाई हातात एक सुटं हाड देणार आणि विचारणार, कुठलं? डावं का उजवं? खुणेवरून सांगायचं. सांगाडा काही घरी आणता येत नव्हता. घरी सिद्राम होता.

तो विणायचा आणि ती मागं बसून त्याच्या अंगावर हाडं पाठ करायची. सुरुवात तिनं कवटीपासून केली. मग जबडा, मग मानेचे मणके.

"हा फरा, खांद्यामागचा. ह्याच्या पाठीवर आडवी धार असती. हालू नगा."

"हाललो न्हाई तर साडी कशी व्हायची?"

धोटा टाकताना त्याचा हात वळला की ती तो धरायची. "बघा, अंगठ्याकडचं हाड फिरलं. करंगळीकडचं जाग्यालाच ऱ्हायलं." बरगड्या मोजताना तिला हसू यायचं. "खालच्या दोन पुढं कशालाच जोडलेल्या न्हाईत. तुमच्या भावकीगत."

नागुबाई चुलीपासून ओरडायची, "जित्या माणसाची हाडं काय मोजतीस गं? मेल्यावर मोज की!"

"मेलेलं माणूस साडी इणत न्हाई, आत्ती. ह्यांची हलत्यात म्हणून तर कळत्यात."

ऐकून ऐकून सिद्रामलाही ती येऊ लागली. ती अडली की तो फणी ठोकता ठोकता सांगायचा, मागं न बघता. मग ती त्याच्या पाठीत गुद्दा घालायची. एका दुपारी ती गुडघ्याच्या वाटीपर्यंत आली.

"आता पाय वर काढा. एकेका पावलात सव्वीस हाडं हायत म्हणं."

"अर्धी झाली हाय. साडी मागावरनं उतरू दे, मग घे पाय."

दुसऱ्याच दिवशी गावात आलेली तापाची साथ वाढली आणि वर्गातल्या बायकांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. अंजनी पुन्हा घरी आली नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडायला चौघं-पाचजणच आले. त्या साथीत माणसं रोज कुणाची ना कुणाची राख सावडत होती. खांदे दुखत होते. रडायचं बळही कुणाच्यात राहिलं नव्हतं. राखेवर दूध आणि पाणी शिंपडलं. एकजण म्हणाला, "चार हाडं घाला मडक्यात आणि चला. मलाबी घरी दोघं आजारी हायत."

"न्हाई," सिद्राम म्हणाला. "तुम्ही कुणी हात लावू नगा. मी उचलतो. मला तिनं शिकवल्यात."

तीन दिवसांत तो एवढं पहिल्यांदाच बोलला होता. तिच्या आजारात तिला पाणी पाजायलाही त्याला कुणी आत सोडलं नव्हतं. आता हे एवढंच काम उरलं होतं, आणि हे त्याला येत होतं. कुठलं हाड आहे ते न कळता तिचं एकही हाड त्याला मडक्यात घालायचं नव्हतं.

तो डोक्याच्या बाजूला उकिडवा बसला. राखेतून त्याला सगळं दिसायला लागलं. जबड्याचा तुकडा. फरा, त्याची आडवी धार तशीच. ही बरगडी, आतल्या कडेला खाच असलेली. हे करंगळीकडचं, डावं. त्यानं मनातल्या मनात म्हणून बघितलं. एकही चुकलं नाही. त्यानं हात पुढं केला.

भावकीतले थोरले भावकू अण्णा पुढं आले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"तिकडनं न्हवं रं. पायाकडनं उचलायचं. डोकं शेवटाला. माणूस पायावर उभं ऱ्हातंय न्हवं?"

सिद्राम उठला. राखेला वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथं बसला. तिथं नुसते लहान लहान तुकडे होते. त्यानं एक उचलला, पालथा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. खाली ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला. ऊन चढत होतं. मागं कुणीतरी खोकलं.

"उचल की रं," भावकू अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज दमलेला होता, रागाचा नव्हता. "कुठलंबी उचल. सगळं पायाचंच हाय त्यात."

सिद्रामनं मान वर केली नाही.

"पाय शिकायचं ऱ्हायलंय, अण्णा," तो म्हणाला. "साडी उतरली न्हाई अजून."