दांडीवाला की आवाजवाला

‘गाडी रोज चालवतं कोण?’ अनंता मिस्त्रीने विचारलं आणि कुणालने चोरून बापाकडे पाहिलं.

‘मीच,’ बाप म्हणाला. ‘दुसरा कोण?’

केसरीनाथ गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसला होता, पायावर पाय, ऐटीत. खाडीकाठी त्याची कोळंबीची तळी. सकाळी बांधावरून जाऊन माल आणायचा, मग त्याच फोर-व्हील पिकअपमधून नातीला, कुणालच्या क्षितिजाला, भिवंडीत शाळेत सोडायचं, हा त्याचा नेम. पण गोडाऊनवाल्यांच्या डंपरांनी बांधाचा पार राडा करून टाकला होता. मागचं एक चाक चिखलात नुसतं गरगरायचं आणि दुसरं ढिम्म हलायचं नाही. यावर इलाज म्हणजे दोन्ही चाकांना जखडून एकत्र फिरवणारा लॉकर. तोच बसवायला बाप-लेक अंजूरफाट्याला आले होते.

अनंताने आडपडदा न ठेवता सांगितलं. लॉकर दोन तऱ्हेचे. एक दांडीवाला. चिखल आला की दांडी ओढायची, डांबरावर आलं की आठवणीने खाली टाकायची. टाकली नाही तर गाडी वळणावर वळत नाही, नाकासमोर जाते. दुसरा आपला आपण लागतो, आपला आपण सुटतो. त्यात लक्षात ठेवायला काही नाही, पण प्रत्येक वळणावर टकटक वाजतो, हिसके देतो. गाडी रोज रस्त्यावर, त्यात पोरगी बसते, म्हणजे दांडीवालाच बरा, असं त्याचं मत पडलं.

‘दांडीवालाच टाक,’ केसरीनाथ म्हणाला. ‘गाडी आपल्या हातात पायजे. आपून गाडीच्या हातात न्हाय.’

झालं. आता बोलायचं कसं? गेल्या आठवड्यात क्षितिजा शाळेतून आली ती हसत हसत सांगत, आज आजोबांची गाडी वळलीच नाही, खारबावच्या वळणावर सरळ मोरीच्या कठड्यापर्यंत गेली. घरात सगळे हसले. कुणाल अंगणात जाऊन पाहतो तर चिखलात टाकलेला, चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा गिअर तसाच लागलेला. बाप काढायलाच विसरला होता, आणि तसाच अख्खी भिवंडी फिरून आला होता. त्याच्या आधी गॅस, त्याच्या आधी पंपाचं बटण. कुणाल कोणाला बोलला नाही. ज्या माणसाने आपल्याला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्याला परक्या माणसासमोर ‘तू विसरतोस’ म्हणायला जीभ रेटायला हवी ना.

म्हणून त्याने भलतीच कारणं काढली. दांडी कोणीतरी उगाच ओढेल. बाप म्हणाला, कोण ओढंल, गाडीत मी असतो. बरं, सामान मिळणार नाही. अनंता म्हणाला, माझ्याकडे मिळेल. शेवटी कुणालने ठोकून दिलं, की दांडीला केबल असते, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत केबल गंजते.

‘माझ्या होडीची साखळी जल्मात गंजली न्हाय,’ बाप म्हणाला. ‘ग्रीस मारला का झाला.’

अनंताला हसू आलं. त्याने एका गिऱ्हाइकाची दांडीवाली जीप दाखवली आणि म्हणाला, काका, चालवूनच बघा. मागच्या चिखलातून न्या, पलीकडून डांबरी रस्त्यावर निघा आणि वळून इकडे या.

कुणाल ‘नको’ म्हणेपर्यंत बाप चावी घेऊन बसलासुद्धा. चिखलाची कुणालला काळजीच नव्हती. त्याचे डोळे पलीकडच्या वळणावर खिळले होते. तिथे कंटेनर धडधडत जात होते. दांडी लागलेली राहिली तर जीप सरळ त्यांच्यात घुसणार.

जीप चिखलात शिरली, रुतली. एक चाक गरगरलं, चिखल भिंतीपर्यंत उडाला. अनंता डोळे बारीक करून बघत राहिला. केसरीनाथने ब्रेकवर पाय ठेवत, सोडत, स्टिअरिंग जरा इकडे जरा तिकडे करत, रुसलेल्या बैलाला चुचकारावं तशी गाडी बाहेर काढली. मग रस्ता. एक कंटेनर हॉर्न मारत आला. जीप अलगद वळली आणि परत आली.

कुणालच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ शरमही वाटली. उगाच म्हाताऱ्यावर संशय घेतला आपण. घे बाबा तुझा दांडीवाला, असं म्हणायला तो पुढे झाला.

‘काका, एकच चाक फिरत होतं,’ अनंता म्हणाला. ‘दांडी लागली नाय काय?’

केसरीनाथने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हात धुवायचे म्हणून तो नळाकडे गेला आणि कुणालला कोपराला धरून सोबत घेऊन गेला. नळाची धार मोठी केली.

‘दांडी मी वढलीच न्हाय,’ तो खालच्या आवाजात म्हणाला.

कुणालला कळेना. ‘म्हणजे?’

‘वढली असती तं परत टाकायची ध्यानात राहिली नसती, पोरा. त्या दिशी क्षितिजा व्हती गाडीत.’

नळाचं पाणी वाहत होतं. बापाने नळ बंद केला, हात धोतराला पुसले, आणि अनंताकडे वळून पहिल्यासारखा खणखणीत आवाज लावला.

‘मिस्त्री, आवाजवाला टाक. आमचा कुणाल सांगतो तेच बराबर हाय. खाऱ्या हवेत केबल गंजते.’