नव्या ट्रकला भोक

"नव्याकोऱ्या गाडीला भोक? ताई, जिवावर येतंय हो!" ट्रकवाला काकुळतीला आला. "वायरलेसच्या अँटेनाची वायर दारातून घ्या ना."

ट्रकांना वायरलेस बसवून देणाऱ्या इंदुमतीताईंनी हातातलं ड्रिल खाली ठेवलं नाही. "दारात वायर चेपते, भाऊ. ऐन वळणावर वायरलेस मुका झाला, तर समोरून खाणीचा डंपर येतोय हे तुम्हाला कोण सांगणार?"

"पलीकडचा वायरमन दारातूनच घेतो."

"मग त्याच्याकडे जा. माझ्या हातून ते व्हायचं नाही." सकाळपासूनचं हे पहिलंच गिऱ्हाईक, तरी ताईंचा आवाज चढला नाही की पडला नाही.

तो घुटमळला. ताई हसल्या. "लेकराचेसुद्धा कान टोचतोच ना आपण?"

"टोचा मग," तो कसाबसा म्हणाला.

ड्रिल घरघरलं, तेव्हा त्याने तोंड फिरवलं होतं. ट्रकचं दार थोपटत तो पुटपुटत होता, "झालं हं राजा, झालं."